वैमानिकाचे रेडिओ संभाषण

विमानचालक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यात ठरावीक शब्दांत व ठरावीक क्रमाने होणाऱ्या संभाषणाला वैमानिकी रेडिओ संभाषण म्हणतात. नागरी विमानांसाठी ते प्रामुख्याने ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. बटण दाबले की बोलता येते, सोडले की ऐकता येते. नवशिक्या वैमानिकाला विमान हाताळण्यापेक्षा या बटणाचीच धास्ती अनेकदा अधिक वाटते आणि ती अस्थानी नाही, कारण त्याचे प्रत्येक वाक्य त्या वारंवारतेवरील सगळ्यांच्या कानी पडते.

पहिल्या संपर्कात कोणाला हाक मारली, कोण बोलतो आहे, विमान कुठे आहे आणि काय हवे आहे, एवढेच सांगायचे असते. हे मनात जुळवून मगच बटण दाबावे. भारतीय विमानांच्या नोंदणीची सुरुवातीची दोन अक्षरे, V आणि T, ‘व्हिक्टर टँगो’ अशी उच्चारली जातात. प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी एक ठरावीक शब्द असलेली ही उच्चारमाला १९५६ पासून जगभर रूढ आहे. रेडिओच्या खरखरीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांची गल्लत होऊ नये म्हणून ते ‘फाइफ’ व ‘नाइनर’ असे म्हणतात.

या साऱ्या शिस्तीचा कणा म्हणजे रीडबॅक, अर्थात मिळालेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवणे. नियंत्रकाने ‘होल्ड शॉर्ट ऑफ रनवे टू सिक्स’ (धावपट्टी २६ च्या अलीकडेच थांबा) म्हटल्यावर नुसते ‘रॉजर’ हे उत्तर चालत नाही. ‘होल्डिंग शॉर्ट रनवे टू सिक्स’ असे म्हणून पुढे आपल्या विमानाची रेडिओवरील ओळख (कॉल साइन) सांगावी लागते. ‘रॉजर’चा अर्थ ‘ऐकले’ इतकाच असल्याने नेमके काय ऐकले ते नियंत्रकाला त्यावरून कळत नाही. धावपट्टी, उंची, दिशा, उंचीमापकाचा दाब आणि नवी वारंवारता यांचे रीडबॅक सक्तीचे आहे. कळले नसल्यास ‘से अगेन’ म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही.

शब्द संदिग्ध राहिल्यास काय होते, हे २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दिसले. धुक्यात एका विमानाने आपण ‘टेक-ऑफ’वर असल्याचे कळवले; ते उड्डाणासाठी थांबले आहे की उड्डाण करू लागले आहे, हे त्यातून स्पष्ट होत नव्हते. त्यावर नियंत्रकाने थांबण्यास सांगितले, पण त्याच क्षणी धावपट्टीवरचे दुसरे विमान बोलल्याने दोन्ही संदेश शिट्टीसारख्या कर्कश आवाजात बुडाले आणि पुढच्या टकरीत ५८३ माणसे दगावली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात.

१९९६ मध्ये हरियाणातील चरखी दादरी येथे दोन विमानांच्या हवेतील टकरीत ३४९ जणांचा मृत्यू झाला. तिच्या चौकशीत एका विमानातील कर्मचाऱ्यांच्या तोकड्या इंग्रजीकडेही बोट दाखवले गेले. पुढे आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भाषाप्रावीण्याची किमान चौथी पातळी आवश्यक ठरली. तरीही मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने यामुळे बिचकू नये: नेहमीच्या उड्डाणाला मोजकी ठरीव वाक्ये पुरतात आणि ती मोठ्याने घोकून चांगली बसतात.

संकटात ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारतात, १२१.५ मेगाहर्ट्झ ही वारंवारता आणीबाणीसाठी राखीव आहे. रेडिओच बंद पडल्यास ट्रान्सपाँडरवर (विमानाचा संकेतांक रडारला कळवणाऱ्या यंत्रावर) ७६०० हा संकेतांक लावतात आणि टॉवरमधील दिव्याकडे लक्ष ठेवतात. हवेतल्या विमानाला स्थिर हिरवा प्रकाश उतरण्याची परवानगी देतो, तर स्थिर लाल दुसऱ्या विमानाला वाट देऊन घिरट्या चालू ठेवायला सांगतो. अशा वेळी वैमानिक दिवसा विमानाचे पंख डावी-उजवीकडे झुलवून सूचना मिळाल्याचे कळवतो.