सेल्फचं बटण दाबलं की नुसता ‘टक’

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या पेपरात यायला लागल्या की नाशिकच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘पावसाळ्यात सेल्फ बसवला, तेव्हा झकास चालायचा. आता नुसता टक वाजतो.’ गाडी बहुधा जुनी कास्ट आयर्न बुलेट. मालकाचे गुडघे किकला वैतागलेले, म्हणून किट आणून डाव्या बाजूच्या चेनकेसला (इंजिनच्या चेनवरच्या डब्याला) मोटर जोडलेली. साहजिकच पहिला संशय मोटरवर जातो आणि मिस्त्री ती खोलून बसतो. माझ्या मते मोटर सगळ्यात शेवटी खोलावी.

तिच्यावर बोजा किती पडतो बघा. साडेतीनशेच्या बुलेटचा बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस सेंटिमीटर. कॉम्प्रेशनच्या टोकाला दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब धरला, तर पिस्टनवर अडीचशे किलोंहून जास्त रेटा येतो. चार सिलिंडरच्या गाडीत हा भार फेऱ्यांमध्ये वाटला जातो. इथे तो दोन फेऱ्यांतून एकदाच आणि सगळाच्या सगळा येतो. त्या क्षणी मोटर जवळपास अडते. डीसी मोटर फिरताना स्वतःच एक विरोधी व्होल्टेज तयार करते आणि त्यानेच तिचा करंट आवाक्यात राहतो. गती पडली की तो लगाम सुटतो आणि करंट सहज शंभर अँपिअरच्या घरात जातो. हेडलाइटचा ३५ वॉटचा बल्ब घेतो जेमतेम तीन.

खरी गोम या शंभरात आहे. ओहमच्या नियमाने ०.०१ ओहमचा रोध तीन अँपिअरला ०.०३ व्होल्ट खातो, म्हणजे काहीच नाही. शंभर अँपिअरला तोच रोध अख्खा एक व्होल्ट गिळतो आणि सांध्यावर शंभर वॉटची उष्णता काढतो. म्हणून लाइट लख्ख, हॉर्न खणखणीत आणि तरी सेल्फ मेलेला, यात चमत्कार काही नाही. ‘बॅटरी साडेबारा व्होल्ट दाखवतेय’ हा पुरावाही त्यामुळे फारसा कामाचा नाही. मोजायचं ते बटण दाबून.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, स्पार्क प्लगची कॅप काढून तिला दुसरा प्लग लावलेला आणि तो अर्थला, म्हणजे इंजिनच्या धातूला, टेकवलेला, म्हणजे इंजिन मध्येच सुरू होणार नाही. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (वायरच्या टोकाच्या थिंबलवर नव्हे, खांबावरच), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. आता कोणाला तरी बटण दाबायला सांगा. काटा जागचा हलला नाही किंवा ०.२ च्या आसपास थांबला, तर अर्थ चांगला. एक-दीड व्होल्ट दिसला, तर चोर सापडला. हौसेने रिस्टोअर केलेल्या गाडीत तो बहुतेक वेळा चकचकीत पावडर कोटिंगखाली लपलेला असतो, कारण ते कोटिंग उत्तम इन्सुलेटर आहे! बोल्टखालचा रंग खरवडा, किंवा सरळ बॅटरीपासून इंजिनपर्यंत वेगळी जाड केबल टाका. हीच चाचणी पॉझिटिव्ह बाजूलाही, बॅटरी ते मोटर. घरातल्या प्लग पॉइंटची २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरून काम भागवलेलं मी पाहिलंय. शंभर अँपिअरला तिच्या दर मीटरमागे ०.७ व्होल्ट जातो, १६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ०.१.

केबली ठीक असतील तर मीटर थेट बॅटरीवर लावा. बटण दाबल्यावर साडेनऊ-दहाच्या खाली कोसळली, तर दोष बॅटरीचा. थंडीत तिची रासायनिक क्रिया मंदावते, आतला रोध वाढतो आणि नेमकं तेव्हाच ऑइलही दाट झालेलं असतं. पावसाळ्यात झाकलेला दोष पौषात उघडा पडतो तो असा. सलग ‘टकटकटक’ वाजत असेल तर स्टार्टर रिले (मोटरचा करंट जोडणारा विजेवरचा स्विच) जोडला जातो, मोटर व्होल्टेज पाडते, रिले सुटतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा जोडला जातो. रिले बदलून काही साधत नाही.

मोटर घर्रकन फिरते पण इंजिन ढिम्म, ही तक्रार वेगळी आणि खर्चिकही. मोटर आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रॅग क्लच असतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा : एका दिशेने पकडतो, इंजिन पुढे पळालं की सुटतो. पण स्पार्क लवकर पडला तर पिस्टन वर पोचण्याआधीच पेटलेला वायू त्याला खाली ढकलतो आणि इंजिन उलटं फिरू पाहतं. ही नेमकी स्प्रॅगची पकडण्याची दिशा. सगळा धक्का त्याच्या लहानशा पोलादी तुकड्यांवर आणि गिअरच्या दातांवर बसतो. किकला उलटा फटका बसला की घोटा ओरडून सांगतो, सेल्फ बिचारा मुकाट सोसतो. म्हणून किट बसवण्याआधी पॉइंट (स्पार्क पाडणारा स्विच) आणि टायमिंग (तो कधी पडतो ते) तपासायलाच हवं. ऑटो-अ‍ॅडव्हान्सची (वेगानुसार स्पार्क लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) वजनं चिकटलेली किंवा स्प्रिंगा सैल असतील, तर नवा स्प्रॅगही टिकणार नाही.

राहिलं चार्जिंग. तीन सेकंद शंभर अँपिअर म्हणजे ३०० कूलॉम. एक अँपिअर जादा मिळाला तर पाच मिनिटांत ते भरून निघतात. पण जुन्या अल्टरनेटरला आयडलवर तेवढंही जमत नाही. नाशिकच्या कॉलेज रोडवरून द्वारका चौकापर्यंत, दिवा लावून, प्रत्येक सिग्नलला थांबत गेलात, तर बॅटरी भरण्याऐवजी रिकामीच होते. इंजिन रेझ करून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे येत नसतील, तर नव्या बॅटरीवर पैसे घालण्याआधी रेग्युलेटर आणि अल्टरनेटरची कॉईल तपासून घ्या.