चटणीच्या पुदिन्यात मेंथॉल शोधू नका

बामातला तो झोंबरा गारवा घरच्याच पुदिन्याचा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तसं नाही. चटणीचा पुदिना चुरगाळून हुंगा. हिरवट, गोडसर वास येतो, तो कार्व्होन या सुगंधी घटकाचा. बामातला गारवा देणारं मेंथॉल त्यात नावापुरतं.

मेंथॉल देतो जपानी पुदिना, शेतकऱ्यांच्या भाषेत ‘मेंथा’. सुकत आलेल्या पाल्यातून वाफ सोडली की तेल निघतं. त्यात ७०-८० टक्के मेंथॉल असतं. तेल गार करत नेलं की सुयांसारखे स्फटिक धरतात. बघण्यासारखं असतं ते! लखनौच्या सिमॅप या १९५९ सालच्या सरकारी संस्थेनं ‘कोसी’सारखे वाण काढले आणि उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे मेंथा नगदी पीक झाला. चटणीत मात्र घालू नका, कडवट लागतो.