पेंग्विन : प्रजाती आणि प्रजननस्थळे

पेंग्विन हा स्फेनिसिडी कुलातील, उडू न शकणारा समुद्रपक्षी असून त्याच्या सुमारे १८ प्रजाती मानल्या जातात. बर्फ आणि पेंग्विन ही जोडी चित्रांमुळे मनात पक्की बसली असली, तरी अंटार्क्टिका खंडावर वीण करणाऱ्या प्रजाती मोजक्याच आहेत. पेंग्विनला बर्फापेक्षा मासे व क्रिल (कोळंबीसारखे छोटे सागरी जीव) यांनी समृद्ध असे थंड पाणी आणि त्याच्या जवळ अंडी सुरक्षित राहतील अशी जागा लागते. म्हणूनच त्याच्या वसाहती दक्षिण गोलार्धात थंड सागरी प्रवाहांच्या काठाने पसरलेल्या दिसतात.

हंबोल्ट प्रवाहाने थंड राहिलेल्या पेरू व चिलीच्या किनाऱ्यावर हंबोल्ट पेंग्विन राहतो. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये आणलेले पेंग्विन याच प्रजातीचे आहेत. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या, म्हणजे ग्वानोच्या, जाड थरांत तो बिळे करतो. आफ्रिकी पेंग्विनही पूर्वी अशीच बिळे करी. परंतु एकोणिसाव्या शतकात खतासाठी ग्वानो खरवडून नेल्यावर त्याला उघड्यावर अंडी घालावी लागली. गालापागोस पेंग्विन थेट विषुववृत्तावर, लाव्हाच्या कपारींत वीण करतो. काही वर्षांच्या अंतराने प्रशांत महासागरात येणाऱ्या एल निन्यो या उष्ण स्थितीमुळे पाणी तापले की त्याचे अन्न आटते. १९८२–८३ च्या अशा काळात त्याची संख्या तीन चतुर्थांशांहून अधिक घटली.

अंटार्क्टिकावरील अडेली पेंग्विन उन्हाळ्यात बर्फमुक्त झालेल्या खडकाळ जमिनीवर खड्यांचे घरटे रचतो आणि शेजाऱ्याचे खडे सर्रास पळवतो. सम्राट पेंग्विनचा क्रम मात्र उलटा आहे. तो बहुधा किनाऱ्याला चिकटलेल्या समुद्रबर्फावर, ऐन हिवाळ्याच्या तोंडाशी वीण करतो. मादी एकच अंडे घालून समुद्राकडे जाते आणि नर ते पायांवर, पोटाच्या घडीखाली धरून सुमारे ६५ दिवस उपाशीपोटी उबवतो. एरवी आत्मघातकी वाटणाऱ्या या वेळापत्रकामुळे पिल्ले उन्हाळ्यात, अन्नाची चंगळ असताना, समुद्रात उतरू शकतात. पिल्लांना जलरोधक पिसे फुटण्यापूर्वीच बर्फ तुटला, तर ती बुडून किंवा गारठून मरतात.

राजा पेंग्विनची वीण एका उन्हाळ्यात आटोपत नाही. दक्षिण जॉर्जिया, क्रोझे यांसारख्या बेटांवर तिला वर्षाहून अधिक काळ लागतो. सर्वांत लहान पेंग्विन ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये आढळतो. जेमतेम एक किलो वजनाचा हा पक्षी अंधार पडल्यावर थव्याने किनाऱ्यावर येऊन आपापल्या बिळात शिरतो.