ऐकलेले पारखायचे कसे : ख्रिस्ती ‘शांत वेळे’ची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये नव्या विश्वासणाऱ्याला सुरुवातीलाच शिकवतात ती रोजची ‘शांत वेळ’. सकाळी कामाला लागण्याआधी पंधरा-वीस मिनिटे, बायबलमधला एक उतारा, थोडे मनन, प्रार्थना, आणि जे सुचले ते वहीत. मग रविवारी साक्ष देताना कोणीतरी म्हणते, “प्रभू माझ्याशी बोलला.” हे सारे प्रेषितांच्या काळापासून असेच चालत आले असावे, असा समज असतो. प्रत्यक्षात या पंधरा मिनिटांचे तुकडे वेगवेगळ्या शतकांतले आहेत. त्यांतल्या बहुतेकांबरोबर ऐकलेले पारखून घ्यायचीही काही ना काही सोय होती. वही टिकली, पारखायची सोय वाटेत बरीच गळाली.

बायबलमध्ये ही सोय ठळक आहे. 1 शमुवेलच्या तिसऱ्या अध्यायात शमुवेल या मुलाला हाक ऐकू येते आणि तो तीनदा उठून धावतो तो वृद्ध याजक एलीकडे. हाक परमेश्वराची आहे हे एलीच्या ध्यानात येते. “बोल, तुझा दास ऐकत आहे” हे उत्तरही तोच शिकवतो. निरोप मात्र निघतो एलीच्याच घराण्याविरुद्ध, आणि तरी एली तो सकाळी काहीही न लपवता सांगायला लावतो. पौलानेही थेस्सलनीकाकरांना संदेशांचा धिक्कार करू नका म्हटले आणि लगेच पुढे लिहिले, “सर्व गोष्टींची पारख करा.”

इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांना या पारखीची किंमत कळली ती महागात. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात योहान कासियानने त्यांच्याकडे ऐकलेले लिहून ठेवले, त्यात हेरोन नावाच्या वृद्धाची हकीकत आहे. पन्नास वर्षे वाळवंटात काढलेला हा माणूस इतका कडक उपासकरी, की पुनरुत्थानाच्या सणालाही (ईस्टरला) बंधूंबरोबर जेवायला बसत नसे. एकदा त्याला देवदूत दिसला, निदान त्याला तसे वाटले. ‘विहिरीत उडी घे, तुझ्या पुण्याईने तुला काही होणार नाही’ हा आदेश त्याने पाळला. बंधूंनी त्याला अर्धमेला बाहेर काढले आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. शेवटपर्यंत आपली फसगत झाली हे त्याला पटले नाही. कासियानचे निदान नेमके आहे: भक्ती कमी पडली नव्हती, कमी पडला तो विवेक; वडीलधाऱ्यांचा आणि बंधूंचा सल्ला मानण्याऐवजी तो स्वतःच्याच मतावर चालला.

सहाव्या शतकात इटलीतल्या बेनेडिक्टने मठासाठी जो नियम लिहिला, त्याचा पहिलाच शब्द ‘ऐक’ असा आहे. पण त्याने ऐकणे भावनेवर सोडले नाही, वेळापत्रकात बसवले. 48 व्या प्रकरणात ऋतूप्रमाणे अंगमेहनतीचे आणि वाचनाचे तास ठरलेले आहेत. उन्हाळ्यात सकाळी काम, मग ऊन चढल्यावर दुपारपर्यंत साधारण दोन तास वाचन. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एकेक ग्रंथ मिळायचा आणि तो पहिल्या पानापासून क्रमाने वाचायचा. आवडीचे तेवढे उघडायची मुभा नाही. शिवाय वाचनाच्या वेळी एक-दोन वडीलधारे मठात फेरी मारायचे, कोणी पुस्तक बाजूला ठेवून गप्पा मारतोय का, हे बघायला. आजच्या ‘बायबल सहज उघडले आणि हेच वचन निघाले’ या सवयीशी हे ताडून पाहावे.

आज्ञापालनाबद्दलही बेनेडिक्ट समजला जातो तितका सरळसोट नाही. पाचव्या प्रकरणात तो कुरकुर न करता तत्काळ आज्ञा पाळायला सांगतो. पण महत्त्वाच्या बाबतीत मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावे, कारण पुष्कळदा प्रभू धाकट्यालाच योग्य ते सुचवतो, असे तिसऱ्या प्रकरणात आहे. अशक्य काम सांगितले तर काय, याला 68 वे प्रकरण वाहिलेले आहे: आधी नम्रपणे स्वीकारा, झेपत नाही असे दिसले तर योग्य वेळ पाहून, उद्धटपणा न करता कारणे सांगा, तरीही वरिष्ठ ठाम असेल तर देवावर भरवसा ठेवून करा. बाराव्या शतकात कार्थुसियन मठातल्या दुसऱ्या गीगोने वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन अशा चार पायऱ्या मांडल्या. कॅथलिक रिट्रीटमध्ये, म्हणजे एकांत-साधनेच्या शिबिरांत, आजही त्याच शिकवतात.

मठाबाहेरच्या माणसासाठी बारीक हत्यार घडवले ते इग्नेशियस लोयोलाने. 1521 मध्ये स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि हा सरदार अंथरुणाला खिळला. शौर्याची दिवास्वप्ने रंगवताना बरे वाटते पण नंतर मन कोरडे पडते, संतांसारखे जगायचा विचार केला की समाधान टिकून राहते, हा फरक त्याने तिथेच टिपला. त्यावर बेतलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला 1548 मध्ये पोप पॉल तिसरा यांची मान्यता मिळाली. त्यात एका दोषाच्या परीक्षणाची रीत अगदी हिशेबनीसाची आहे. सकाळी उठताच तो दोष टाळायचा निश्चय. दुपारच्या जेवणानंतर तासातासाचा आढावा, आणि जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके त्या दिवसाच्या पहिल्या रेघेवर. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा तसेच, दुसऱ्या रेघेवर. मग दोन्ही रेघा ताडून पाहायच्या, आजचा दिवस कालशी, हा आठवडा मागच्याशी.

त्याचा एक नियम तर भिंतीवर लावून ठेवावा असा आहे: मन उदास, कोरडे असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. नोकरी सोडणे, ठरलेले लग्न मोडणे, मंडळी बदलणे, असे पुष्कळ ‘देवाचे आदेश’ नेमके अशाच दिवसांत ऐकू येतात. इग्नेशियसचा साथी फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 ला गोव्यात उतरला आणि ही पद्धत आपल्या किनाऱ्यावर आली.

प्रॉटेस्टंटांकडे मठ नव्हते, त्यामुळे पारख कोणी करायची हा प्रश्न नव्याने उभा राहिला. इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाची मंडळी अंतरीच्या प्रकाशाची वाट पाहत शांत बसत. 1656 मध्ये त्यांच्यातला जेम्स नेलर ख्रिस्ताच्या यरुशलेम-प्रवेशाची नक्कल करत घोड्यावरून ब्रिस्टलमध्ये शिरला. संसदेने त्याची जीभ तापल्या लोखंडाने भोसकवली. त्या धक्क्यानंतर एकट्याला मिळालेली प्रेरणा सभेपुढे ठेवून तपासण्यावर क्वेकरांनी अधिक भर दिला. जर्मनीत हर्नहुट गावच्या मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट मंडळीत 1728 पासून रोजचे एक वचन घरोघर पोचवले जाऊ लागले, आणि 1731 पासून वर्षाची वचने छापून निघतात. जुन्या करारातली ती वचने आजही चिठ्ठ्या काढूनच ठरतात, पण काही वर्षे आधी आणि सगळ्यांसाठी एकच. आज सकाळी मला काय हवे आहे, याचा तिथे संबंध येत नाही. लग्ने चिठ्ठीने ठरवायची त्यांची प्रथा मात्र पुढे मोडली, ते बरेच झाले.

वर्षात बायबल संपवायचे कोष्टक आता मोबाइलवर येते. त्यातले सर्वांत प्रसिद्ध कोष्टक 1842 च्या शेवटी स्कॉटलंडमधल्या डंडीचा तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन याने आपल्या मंडळीसाठी केले: जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. बायबलचे 1189 अध्याय नुसते एकदा वाचायचे तरी रोज सव्वातीन पडतात. मॅकशेनच्या हिशेबाने चारच्या वर जातात. धोकेही त्याने स्वतःच आधी लिहून दिले: वाचन निव्वळ उपचार होईल, पूर्ण केल्याचा गर्व चढेल, घाईत डोळे फिरतील, काहींना हे जू जड होईल. कोष्टक पसरले, ही यादी फारशी कोणी छापत नाही. लेवीय या बायबलच्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचता पोचता जे गळतात, ते बहुधा चौथ्या धोक्याला बळी पडलेले असतात. अशांनी मागचे अध्याय भरून काढू नयेत. आजच्या तारखेपासून पुढे वाचावे.

1880 च्या दशकात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी ‘पहाटेचा पहारा’, म्हणजे पहाटे बायबल आणि प्रार्थनेला बसायचे, ही घोषणा दिली आणि विद्यार्थी चळवळींतून ती मिशनरींबरोबर जगभर गेली. आपल्याकडे त्याच सुमारास पंडिता रमाबाईंचे काम उभे राहत होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 मध्ये जे संजीवन (भक्तीची सामूहिक लाट) झाले, त्याच्या आधी महिनोन्‌महिने ठरलेल्या वेळी सामुदायिक प्रार्थना चालली होती. रमाबाई स्वतः मात्र बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या होत्या. त्यासाठी हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी आयुष्याची उरलेली वर्षे घातली. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये बाहेर पडले.

वही आणि पेन्सिल आली ती अमेरिकन लुथरन पाळक फ्रँक बुकमनच्या ऑक्सफर्ड ग्रुपबरोबर. सकाळी शांत बसायचे, सुचेल ते लिहायचे, मग प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थ आणि प्रेम या चार कसोट्यांवर घासायचे, आणि शेवटी सोबत्यांना वाचून दाखवायचे. टीका दोन बाजूंनी झाली. क्षुल्लक गोष्टींनाही दैवी मार्गदर्शनाचे नाव मिळू लागले; आणि सोबत्यांची तपासणी कधी कधी दबाव बनली, म्हणजे तुझ्याबद्दल मला असे सुचले, आता तू ते कर. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, कारण तिथे पारखणाराच हुकूम सोडू लागतो. सुचलेले दुसऱ्याबद्दल असेल तर ते सांगावे फार तर प्रश्न म्हणून, आणि ‘नाही’ हे उत्तर तितकेच मोकळेपणाने घ्यावे.

ही चळवळ पुढे 1938 मध्ये ‘मॉरल री-आर्ममेंट’ (नैतिक पुनःशस्त्रीकरण) ही चळवळ झाली, आणि 1968 मध्ये पाचगणीला तिचे एशिया प्लॅटो हे केंद्र उघडले. तिथे आजही सत्रांत शांत बसायची वेळ असते, पण येणारे सगळ्या धर्मांचे आणि कोणत्याच धर्माचे नसलेलेही असतात. त्यामुळे ऐकलेले बायबलवर घासायची जी जुनी अट होती, ती तिथे घालता येत नाही. चार कसोट्या आणि शेजारी बसलेली माणसे, एवढ्यावरच भागवावे लागते.