पंगत उठल्यावरचा भात

बेळगाव-खानापूरकडं गणपती मंडळाचा महाप्रसाद असो की गावच्या लक्ष्मीची यात्रा, गव्हाची खीर सहसा उरत नाही. उरतो तो भात. टाकला तर पाप, म्हणून रात्रीसाठी झाकून ठेवतात, आणि घोटाळा तिथंच होतो.

कच्च्या तांदळावर बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू बऱ्याचदा असतात. उकळीनं ते मरत नाहीत. भात कोमट झाला की रुजतात आणि ३० ते ३७ अंश सेल्सिअसला भराभर वाढतात. त्यांचं उलट्या करवणारं विष १२१ अंशांनाही टिकतं, म्हणजे रात्री फोडणी देऊन उपयोग शून्य. भात चवीला चांगलाच लागतो. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

फूटभर उंच रास वरून गार लागते, आत मात्र तासन्‌तास कोमट राहते. थर दुप्पट जाड केला की निवायला साधारण चौपट वेळ लागतो. त्यामुळं भात ६० अंशांच्या वर गरम ठेवावा. नाहीतर परातींत दोन इंचांहून पातळ पसरून दोन तासांत २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर आणावा. वैशाखात उघड्यावर २१ अंश गाठणं अशक्यच, आणि तीस किलो भात मावेल असा फ्रीज कुठल्या मंडळाकडं असतो? तेव्हा वाटायचा तो वाफाळता असतानाच.

त्याहून बरं म्हणजे तो शिजवूच नये. खीर-भाजी असताना माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरले तर ५०० पानांना ५० किलो. आचाऱ्याला दहा-दहा किलोचे पाच घाणे सांगावेत, आणि शेवटचा घाणा उरलेली माणसं मोजल्यावरच चढवावा. भात अर्ध्या तासात होतो. पोत्यातले तांदूळ महिनोन्‌महिने टिकतात.

‘गाईला घालू, पुण्य लागेल’ हा तर सर्वांत धोक्याचा तोडगा. घमेलंभर भात एकदम पोटात गेला की त्यातला स्टार्च झपाट्यानं आंबतो, लॅक्टिक आम्ल साचतं. एरवी ६ ते ७ असणारा पोटाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली घसरतो. जनावर चारा सोडतं, रवंथ थांबतं, वेळेत उपचार झाले नाहीत तर दगावतं.

आंबलेला भात खड्ड्यातच जावा, पण नुसता नको. त्याचा लगदा होतो, हवा खेळत नाही, घाण सुटते. एका घमेल्याला दोन-तीन घमेली सुकं उसाचं पाचट मिसळावं आणि वर माती ओढावी.