क्षमा झाली, पण सुटका झाली का?

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातल्या सातव्या वचनात प्रेषित पौल 'मुक्ती' आणि 'क्षमा' हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवतो. प्रार्थनेत आपणही ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो. दोन्ही क्रूसापाशीच मिळतात, हे खरं. तरी ती एकच गोष्ट नव्हे. क्षमा अपराधाची होते, मुक्ती म्हणजे सोडवणूक, ती माणसाची होते.

रूथच्या पुस्तकातल्या नामीकडे पाहा. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, शेत हातातून निसटत होतं. यात तिने कोणता गुन्हा केला होता? क्षमेचा तिथे प्रश्नच नव्हता, पण सोडवणाऱ्याची गरज मात्र होती. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायातल्या नियमाप्रमाणे गरिबीमुळे विकलेली जमीन जवळच्या नातलगाने सोडवायची असे. कर्जापायी स्वतःला विकलेल्या भावालाही नातलग किंमत भरून सोडवू शके. अशा नातलगाला इब्री भाषेत 'गोएल' म्हणतात. नामीच्या नवऱ्याचा नातलग बवाज तो झाला. शेत सोडवून तो थांबला नाही, त्याने नामीच्या विधवा सुनेशी, रूथशी, लग्न केलं आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव त्याच्या वतनात राखलं. सोडवणारा आधी नात्याने बांधला जातो, मग पैसे मोजतो.

मराठी बायबलमध्ये या किमतीला 'खंडणी' म्हटलं आहे. आज हा शब्द ऐकला की धमकी देणारा गुंड डोळ्यांपुढे येतो, म्हणून तो अनेकांना खटकतो. पण मार्क १०:४५ मध्ये येशू स्वतःचा जीव खंडणी म्हणून देतो. इथे कोणी कोणाकडून काही उकळत नाही. ज्याचं प्रेम आहे, तोच भरतो.

दोन्ही गोष्टी एकाच घरात पाहायच्या असतील तर पौलाने फिलेमोन या विश्वासू मित्राला लिहिलेलं पत्र वाचावं. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, दुरावलेला. त्याने काही नुकसान केलं असेल तर फिलेमोनाने ते सोसावं, एवढंच मागून पौलाला थांबता आलं असतं. पण तो लिहितो की ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन. शिवाय अनेसिमाला दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घे, असं सांगतो. मला हे पत्र फार जवळचं वाटतं. कारण आपण बहुतेक जण क्षमेपर्यंत येतो आणि तिथेच बसतो. 'मी त्याला माफ केलं' हे खोलीत एकट्याने म्हणता येतं. त्याला पुन्हा पंगतीत जागा द्यायची तर उठून त्याच्याकडे जावं लागतं, कधी त्याचं देणं आपल्या अंगावर घ्यावं लागतं.

अर्थात कोणी कोणाचा तारणारा होत नाही. भावाच्या जिवाची खंडणी माणसाला भरता येत नाही, हे ४९व्या स्तोत्रात स्पष्ट आहे. आपण करतो ते ख्रिस्ताने केलेल्याचा पडसाद.

स्वतःच्या बाबतीतही हाच घोळ होतो. तीच सवय, तीच कबुली, पुन्हा तीच सवय. क्षमा रोज मागतो, पण आपला धनी बदलला आहे, आता तो पाप नसून ख्रिस्त आहे, हे धरून दिवस काढत नाही. इफिसकरांस ४:२८ मध्ये पौल चोराला चोरी सोड म्हणतो, आणि लगेच त्याच हातांना काम देतो: कष्ट कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल.