झोपेत छातीत धडधड होणं

झोपेत किंवा झोपेतून दचकून उठताना हृदयाचे ठोके भरभर, जोरात पडणं म्हणजे ही धडधड. खरंतर झोपेत ठोके उतरायला हवेत, मोठ्या माणसाचे जागेपणी मिनिटाला 60 ते 100 असतात ते गाढ झोपेत बऱ्याच जणांचे 50-60 वर येतात. वाईट स्वप्नाने वाढले तर थोड्या वेळात आपोआप शांत होतात, आणि डाव्या कुशीवर झोपलं की कधीकधी ठोका नुसताच जास्त जाणवतो, वाढलेला नसतोच.

पुण्यात रात्री दहाला अमृततुल्यवर चहा होतोच, पण त्यातलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण 5 तास लागतात, म्हणजे पहाटे तीनला निम्मं अंगातच. दारू, ताप, पाणी कमी पिणं, दम्याचा पंप, टेन्शन यानेही होतं. बायकांमध्ये रक्त कमी असणं आणि थायरॉईडचं हार्मोन वाढलेलं असणं ही कारणं हमखास तपासावीत.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते घोरण्याकडे. घोरतोय म्हणजे गाढ झोप लागलीय असं घरोघरी म्हणतात, पण घोरणं मध्येच थांबून 10 सेकंद किंवा जास्त श्वास बंद पडत असेल तर तो स्लीप ॲप्निया, ऑक्सिजन उतरतो, शरीर घाबरून जागं होतं आणि ठोके उसळतात. त्या माणसाला पत्ताच नसतो, शेजारी झोपलेल्याला कळतं, म्हणून डॉक्टरकडे त्यालाही न्या.

डायबेटिसवाल्यांनी एकादशी धरली अन् इन्सुलिन मात्र रोजचंच घेतलं, तर रात्री शुगर 70 च्या खाली जाऊन घाम, थरथर, धडधड होते. तेव्हा लगेच साखर खायची, आणि उपासाआधीच डोस डॉक्टरांना विचारायचा.

बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी, 150 च्या वरची धडधड, किंवा लय वेडीवाकडी असेल तर हृदयाच्या विद्युत यंत्रणेत बिघाड असू शकतो. सकाळपर्यंत ईसीजी नॉर्मल येतो आणि माणूस निर्धास्त होतो, पण ती धडधड पकडायला किमान 24 तासांचा होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं अंगावर लावायचं छोटं यंत्र, लावावा लागतो. रात्री उठल्यावर मनगटावर अंगठ्याच्या खाली दोन बोटं ठेवून 15 सेकंद ठोके मोजा, चारने गुणा, वेळ लिहून ठेवा, डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो. सोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा चक्कर येऊन पडलात तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा.